दोन हातांच्या काठीला दोर कोणता, लीडर केवढा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मासेमारीत लांब काठी दोन हातांनी धरून फ्लाय, म्हणजे हुकवर बांधलेले हलके कृत्रिम आमिष, फेकण्याची पद्धत स्कॉटलंडच्या स्पे नदीवर एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, म्हणून तिला स्पे कास्टिंग म्हणतात. काठावर दाट झाडी, पाठीमागे चढ. दोर मागे हवेत नेऊन फेकायला जागाच नाही. मग दोराचे टोक पाण्यावर टेकवायचे, उरलेला दोर काठीच्या मागे इंग्रजी डी अक्षरासारखा फुगवायचा आणि तिथून पुढे फेकायचे, अशी ही युक्ती. पाण्यावर टेकलेले टोक म्हणजे अँकर आणि मागचा फुगा म्हणजे डी-लूप. पुढची सगळी उत्तरे या दोन शब्दांभोवती फिरतात. या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेकांनी 'माझा हात चुकतोय का?' असे विचारले आहे. हात चुकतो, नाही असे नाही. पण शिकण्याच्या पहिल्या वर्षात त्याहून जास्त वेळा दोर आणि लीडर (दोर व फ्लाय यांच्यातला धागा) यांची जोडी चुकलेली असते.

प्रश्न : मी ॲबर्डीनला राहतो. डी नदीवर सॅमनसाठी शिकायला सुरुवात केली आहे. काठी १३ फुटी, आठ नंबरची. दुकानात स्कॅजिट, स्कँडी आणि लाँग बेली असे तीन प्रकारचे दोर दाखवले. पहिला दोर कोणता घ्यावा?

उत्तर : तुमच्या नदीसाठी आणि तुमच्या काठीसाठी स्कँडी घ्या. कारण समजले तर पुढचे दोरही तुम्हाला स्वतःलाच निवडता येतील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या तिन्ही प्रकारांत दोराचा पुढचा जाड, वजनदार भाग फेकीचे काम करतो. त्याला हेड म्हणतात. त्याच्या मागे बारीक रनिंग लाइन असते, ती नुसती हेडच्या मागोमाग ओढली जाते. फरक हेडच्या लांबीत आणि वजन कुठे साठवले आहे यात आहे. लाँग बेलीचे हेड ६५ फूट किंवा त्याहूनही लांब असते. एवढा दोर उचलून, वळवून, मागे फुगवायला लांब काठी लागते आणि हाताला सवयीची संथ लय लागते. स्पे किंवा टे नदीच्या रुंद पात्रात १५ फुटी काठीने फेकणाऱ्याला त्यात मोठी सोय आहे, कारण दरवेळी दोर हातात गोळा करावा लागत नाही. पण १३ फुटी काठीला ६५ फुटी हेड म्हणजे काठीच्या पाचपट. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

स्कँडी हेड साधारण ३० ते ४० फुटांचे असते. स्वीडनच्या योरान अँडरसन यांनी रुजवलेल्या अंडरहँड पद्धतीतून ते आले. त्यात वजन मागच्या बाजूला असते आणि पुढचे टोक लांबवर निमुळते होत जाते, त्यामुळे फ्लाय पाण्यावर हलकी उतरते. अँकर क्षणभरच टेकतो आणि लगेच उचलला जातो. स्कॅजिट हेड याच्या उलट आहे. लांबी २० ते २५ फूट, पण जाड आणि जड. ते वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट आणि सॉक नद्यांवर घडले. हिवाळ्यातल्या गार, खोल पाण्यात स्टीलहेडपर्यंत (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट) जड फ्लाय आणि बुडणारी टिप (हेडच्या पुढे जोडायचा दोराचा तुकडा) पोहोचवायची होती, त्यासाठी ते काढले. त्यात अँकर पाण्यात नीट रुतू देतात आणि मग ओढून काढतात.

डी ही तुलनेने उथळ, स्वच्छ पाण्याची नदी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत आर्थर वुड यांनी याच नदीवर केर्नटनला, रेशमी दोराला चरबी चोळून तो तरंगता ठेवायचा आणि फ्लाय पृष्ठभागाच्या जरा खाली फिरवायची, ही पद्धत नावारूपाला आणली. वसंत संपून पाणी कोमट झाले की आजही तिथे तरंगता दोर आणि छोटी, हलकी फ्लाय हेच चालते, आणि त्यासाठी स्कँडी योग्य आहे. फेब्रुवारी-मार्चच्या थंड, चढ्या पाण्यात याच हेडला बुडणारा पॉलिलीडर (वेष्टण चढवलेला तयार लीडर) जोडा. एका हेडवर पहिला हंगाम निघून जाईल.

लांबीसाठी साधे गणित लक्षात ठेवा. स्कँडीचे हेड काठीच्या अडीच ते तीनपट असावे. १३ फुटी काठीला ते ३३ ते ३९ फूट होते; शिकताना यातली खालची बाजू घ्या, ३४-३५ फूट. दोर जेवढा आखूड, तेवढी चूक लवकर दिसते आणि लवकर सुधारते.

प्रश्न : पुण्याहून लिहीत आहे. मित्राने परदेशातून आठ नंबरची दोन हाती काठी पाठवली. माझ्याकडे एक हाती काठीचा आठ नंबरचा दोर आधीपासून होता, तोच लावला. काठी वाकतच नाही. नंबर सारखा असून असे का? आणि 'ग्रेन' हे माप नेमके काय आहे?

उत्तर : नंबर सारखा, पण त्यामागचे वजन वेगळे. एक हाती दोराचा नंबर त्याच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो; आठ नंबरला ते २१० ग्रेन. दोन हाती काठीच्या शूटिंग हेडला (स्कँडी, स्कॅजिटसारख्या आखूड हेडला) आठ नंबरचे मानक वजन ५३० ग्रेन आहे. म्हणजे तुम्ही काठीला हव्या त्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी ओझे दिलेत. ती वाकणार कशी? आणि वाकल्याशिवाय काठी दोर फेकू शकत नाही.

ग्रेन हे जुने इंग्रजी माप. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. आपल्याकडच्या वाचकाला ते फार परके वाटायला नको, कारण ब्रिटिश काळात ठरवलेला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. ५४० ग्रेनचे हेड म्हणजे तीन तोळे, ३५ ग्रॅम. (आज सराफ बोलताना १० ग्रॅमला तोळा म्हणतात, तो हिशेब इथे धरू नका.) यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. जुना किंवा पेटीवरचे लेबल हरवलेला दोर हाती आला, तर हेड वेटोळे करून ग्रॅमचे दशांश दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा आणि ग्रॅमला १५.४ ने गुणा. रनिंग लाइन काट्यावर टेकू देऊ नका, नाहीतर आकडा फुगतो.

आता कोणते वजन घ्यायचे? चांगल्या काठीवर, हँडलच्या जरा वर, ग्रेनची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ ५०० ते ६००. त्या पट्ट्यात स्कॅजिट वरच्या बाजूचे घ्या, ५४० ते ५८०. स्कँडी खालच्या बाजूचे, ५०० ते ५२०. हा ४०-६० ग्रेनचा फरक उगीच नाही. स्कॅजिटमध्ये रुतलेला अँकर ओढून काढायला आणि जड टिप उचलायला जास्त वजन लागते. स्कँडीत हेड क्षणभरच टेकते, म्हणून हलके पुरते. लेबलवरचे वजन फक्त हेडचे असते, टिप किंवा लीडरचे त्यात धरलेले नसते. पुष्कळजण टिपचे ग्रेन हेडमध्ये मिळवून हलके हेड घेतात आणि फसतात.

काठीवर आकडा नसेल तर बनवणाऱ्याच्या तक्त्यात पाहा. तोही नसेल तर आठ नंबरला ५२० ग्रेनच्या आसपास सुरुवात करा. शिकताना शंका असेल तर किंचित जड बाजूला झुकलेले बरे, कारण जड हेड काठीला आपणहून वाकवते आणि काठी केव्हा भरली हे हाताला कळते. 'किंचित' म्हणजे २०-३० ग्रेन. १०० ग्रेन जास्त झाले की काठी लोळते आणि दोर समोर पाण्यावर आदळतो.

प्रश्न : लीडर म्हणजे फ्लाय आणि दोर यांच्यातला धागा एवढेच मला माहीत होते. एक हाती काठीला ९ फुटांचा लीडर लावत असे, तोच स्कँडी हेडला लावला. फेकताना मागे चाबूक फुटल्यासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. माझे काय चुकते? (इन्व्हरनेसची वाचक)

उत्तर : लीडर फार आखूड आहे. बाकी सगळे बरोबर असले तरी ९ फुटांच्या लीडरवर हे होणारच.

एक हाती फेकीत लीडरचे काम शेवटी असते, फ्लाय अलगद उतरवणे. स्कँडीत त्याचे पहिले काम पाण्याला धरून राहणे हे आहे. डी-लूप मागे फुगत असताना पुढचे टोक पाण्यात धरलेले हवे; ते सुटले की फुग्याला ताण उरत नाही, सगळा दोर मागे उडतो आणि टोकाशी चाबूक फुटतो. या धरण्याचे बहुतांश काम लीडरने करायचे असते, हेडने नाही. हेडचा पुढचा फार तर हातभर-दोन हात भाग टेकावा. लीडर आखूड असला की धरायला पुरेसे काही पाण्यात राहत नाही.

म्हणून नियम असा : तरंगत्या स्कँडी हेडला लीडर काठीएवढा किंवा जरा जास्त, काठीच्या दीडपटीपर्यंत. १३ फुटी काठीला १४ फूट ही चांगली सुरुवात.

हाताने बांधायचा असेल तर ही मापे चालतात. हेडला लागणारा जाड टोकाचा तुकडा ०.६० मि.मी. नायलॉनचा, ५ फूट. त्याला ०.५२ चा ३ फूट, मग ०.४५ चा दीड फूट, मग ०.३८ चा दीड फूट, आणि शेवटी टिपेट (फ्लाय बांधायचा सगळ्यात बारीक तुकडा) म्हणून ०.३२ मि.मी. ३ फूट. एकूण १४ फूट. शेजारच्या दोन तुकड्यांच्या जाडीत ०.०८ मि.मी.हून जास्त फरक पडू देऊ नका, नाहीतर त्या गाठीशी लीडर मोडल्यासारखा दुमडतो. तुकडे ब्लड नॉटने जोडा. टिपेटची गाठ पुन्हा पुन्हा बांधावी लागते, तिथे सर्जन्स नॉट चालते. जाड टोकाला परफेक्शन लूप घाला आणि तो हेडच्या लूपमध्ये असा अडकवा की दोन्ही लूप एकमेकांत सरळ, चौकोनी गाठीसारखे बसतील. एक लूप दुसऱ्याला गळफास दिल्यासारखा आवळला गेला तर हेडचे वेष्टण तिथे चिरते. प्रत्येक गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करायला विसरू नका. कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच तुटते.

जाड टोक ०.६० का? कारण फेकीची शक्ती हेडमधून लीडरमध्ये उतरायला हवी. दुकानातले ट्राउटचे लीडर सुरुवातीलाच बारीक आणि मऊ असतात. हेड उलगडते आणि त्याच्या टोकाशी लीडर गठ्ठा होऊन पडतो. लोक मग जोर वाढवतात. त्याने काहीही सुधारत नाही.

सामग्री नायलॉनचीच घ्या, फ्लोरोकार्बन नको. नायलॉनची घनता पाण्याहून जेमतेम जास्त, १.१४, फ्लोरोकार्बनची १.७८. फ्लोरोकार्बन बुडतो, आणि क्षणभर टेकून उचलायच्या अँकरमध्ये बुडालेला लीडर चिकटून बसतो. टिपेटपुरता ३ फूट फ्लोरोकार्बन खडकाळ जागी ठीक आहे.

टिपेट १२ पौंड ताकदीहून हलका बांधू नका. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलपूर्वी पकडलेला सॅमन सोडून देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यानंतरही अनेक नद्यांवर सोडण्याचीच पद्धत आहे. बारीक टिपेटवर मासा फार वेळ झुंजवला तर सोडल्यावर तो वाचतोच असे नाही. १२-१५ पौंडांवर तो लवकर जाळीत येतो.

प्रश्न : याच विषयावर पुढे. पॉलिलीडर घ्यावा की हाताने बांधलेला? आणि किती प्रकारचे बाळगावेत?

उत्तर : शिकताना पॉलिलीडर. हा नायलॉनच्या गाभ्यावर निमुळते वेष्टण चढवलेला लीडर असतो, तरंगत्यापासून अतिजलद बुडणाऱ्यापर्यंत. त्याचे वजन आणि जाडी हेडला जुळते, त्यामुळे शक्ती सहज उतरते. शिवाय गाठी नसतात. लांबी ५, १० आणि १४ फूट अशी मिळते. सॅमन किंवा स्टीलहेडसाठी म्हणून विकला जाणाराच घ्या. ट्राउटच्या पॉलिलीडरचा गाभा बारीक असतो, मोठ्या माशाला तो पुरत नाही.

तीन पुरतात, सगळे १० फुटी : तरंगता, इंटरमीजिएट (संथ बुडणारा) आणि एक जलद बुडणारा. तरंगत्याला पुढे ४-५ फूट टिपेट, म्हणजे एकूण १४-१५ फूट. बुडणाऱ्याला ३ ते ४ फूटच. तिथे टिपेट लांब केले तर लीडर खाली जातो आणि फ्लाय वरच तरंगत राहते, मग बुडणारा लावण्याला अर्थ उरत नाही.

एक युक्ती. अँकर सतत सुटत असेल तर एक दिवस मुद्दाम इंटरमीजिएट लावून सराव करा. तो पाण्याला जरा जास्त धरतो, हाताला वेळ मिळतो. लय बसली की तरंगत्यावर परत या.

प्रश्न : सिएटलला आहे, हिवाळी स्टीलहेडसाठी स्कॅजिट घेतले आहे. ५४० ग्रेन, २३ फुटी हेड, १३ फुटी काठी. पेटीत नुसते हेड आले. टी-८, टी-११, टी-१४ यांतली कोणती टिप लावू? टिपशिवाय शिकलो तर चालेल का?

उत्तर : टिपशिवाय चालणार नाही. स्कॅजिट हेडचे पुढचे टोक जाड आणि बोथट असते; एकट्याने ते पाणी धरत नाही. सरावासाठीही टिप हवीच, निदान १० ते १२ फुटांची तरंगती.

टी-चा आकडा म्हणजे एका फुटाचे ग्रेन. टी-११ चा १० फुटी तुकडा ११० ग्रेन, टी-१४ चा १४०. तुमच्या ५४० ग्रेनच्या हेडला टी-११ अगदी जुळते. हे हेड टी-१४ सुद्धा ओढू शकेल, पण शिकण्याच्या हातात ते कठीण जाईल. सहा नंबरच्या काठीला टी-८ पर्यंतच थांबा. क्रम असा ठेवा : पहिले पाच-सहा दिवस तरंगती टिप, मग टी-८, मग टी-११.

लांबी मोजताना हेड, टिप आणि लीडर एकत्र धरा. बेरीज काठीच्या तीन ते साडेतीनपट यायला हवी. तुमचे २३ अधिक १२ अधिक ४ फूट लीडर, एकूण ३९, म्हणजे बरोबर तिप्पट. तीन पटीखाली गेलात तर अँकर सुटेल. साडेतीनच्या वर गेलात तर चिकटेल.

बुडणाऱ्या टिपला लीडर निमुळता नको, सरळ एका जाडीचा ३ ते ५ फुटांचा १२-१५ पौंडी तुकडा पुरे. इथे शक्ती अलगद उतरवायची नसते. टिप आणि जड फ्लाय वळवायची असते, त्यासाठी आखूड लीडरच बरा. खोल जाण्यासाठी लांब टिप लावण्याआधी वेगळा विचार करा : त्याच लांबीची जरा जड टिप घेतली की फेक बदलत नाही, खोली मात्र बदलते. एम-ओ-डब्ल्यू नावाने मिळणाऱ्या टिपा याच विचारावर आहेत. सगळ्यांची लांबी सारखी, फक्त तरंगता आणि बुडता भाग वेगवेगळ्या प्रमाणात. टिप बदलली तरी हाताची लय तीच राहते, आणि शिकणाऱ्याला याहून मोठी मदत नाही.

प्रश्न : रनिंग लाइन मोनोची (एकतंतू नायलॉनची) घ्यावी की वेष्टणाची?

उत्तर : वेष्टणाची, ०.०३२ ते ०.०३५ इंच जाडीची. मोनो जास्त लांब जाते हे खरे, पण ती बोटांतून निसटते, थंडीत वेटोळ्यांची आठवण धरून गुंता करते आणि नवशिक्याचा निम्मा दिवस गुंता सोडवण्यात जातो. मोनोच घ्यायची असेल तर ३० ते ५० पौंडांची, आणि नदीवर पोहोचताच ती दोन हातांत ताणून सरळ करून घ्या.

रनिंग लाइनवर एक खूण मात्र आजच करा. हेडच्या मागच्या टोकापासून ३ फुटांवर काळ्या पक्क्या मार्करने इंचभर पट्टा ओढा. काठीच्या टोकाबाहेर रनिंग लाइनचा जेवढा भाग लोंबतो त्याला ओव्हरहँग म्हणतात. स्कॅजिटला तो २ ते ४ फूट, स्कँडीला ३ ते ५. त्याहून जास्त झाला की बारीक दोरातून शक्ती जाड हेडपर्यंत पोहोचत नाही, मधेच बिजागर झाल्यासारखे होते आणि फेक कोसळते. हेड काठीच्या टोकाच्या कडीत अडकलेले असेल तर तेही वाईट. ही खूण टोकाच्या कडीशी आली की फेकायचे. रोज अंदाज बांधत बसू नका.

प्रश्न : माझी फेक कधी जमते, कधी नाही. काय बिघडले हे ओळखायचे कसे? काही क्रम आहे का?

उत्तर : आहे, आणि तो लीडरपासून सुरू होतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि किमान दहा फेका करून मगच निर्णय घ्या.

मागे आवाज फुटतो, फ्लाय हवेत उडते : अँकर सुटला. लीडर २ फुटांनी वाढवा. तरी होत असेल तर मागे नेण्याचा वेग कमी करा. डी-लूप बनवताना हात घाईत वर जात असतील तर टोक पाण्यातून उपसले जाते. काठीचे टोक मागे जाताना हळूहळू चढत जावे, उडी मारू नये.

पुढे फेकताना दोर पाण्यातून फाटल्यासारखा निघतो, सगळी शक्ती तिथेच संपते : अँकर चिकटला. बहुधा हेडचाही मोठा भाग पाण्यात पडला आहे. अँकर टेकल्यावर तुम्ही थांबलात, तेवढ्यात पाण्याने दोर धरला. स्कँडीत टेकणे आणि पुढे फेकणे यांत विश्रांती नसतेच. स्कॅजिटमध्ये थोडा वेळ मिळतो, पण मागचा झोत मधे थांबता कामा नये. फ्लाय जड असेल आणि स्कँडी वापरत असाल तर आधी फ्लाय हलकी करा.

लूप (हवेत पुढे उलगडणारा दोराचा वळसा) सुटतो पण टोकाशी गठ्ठा पडतो : लीडरचे जाड टोक बारीक आहे, किंवा ओव्हरहँग जास्त आहे. दोन्ही तपासा, मगच हाताला दोष द्या.

दोर दिशा सोडून आडवा जातो, अँकर एल आकारात पडलेला दिसतो : लीडर चांगला असूनही हे होते. अँकरची रेघ लक्ष्याच्या दिशेला समांतर हवी, आणि तो तुमच्यापासून बाजूला साधारण एक काठीच्या अंतरावर, किंचित पुढे हवा. डी-लूप आणि लक्ष्य एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशांना, १८० अंशांत. ही चूक दोर बदलून कधीही जात नाही.

लूप उघडा, फुगीर, वाऱ्यात कोसळणारा : वरचा हात ढकलतो आहे. दोन हाती काठीत वरचा हात टेकूसारखा. जोर खालच्या हाताने पोटाकडे ओढून आणायचा. निम्म्याहून अधिक काम खालच्या हाताचे.

सरावाला हुक लावू नका, रंगीत लोकरीचा पुंजका बांधा. डोळ्यांना चष्मा आणि डोक्याला टोपी रोजच. गवतावर ही फेक शिकता येत नाही, कारण गवत अँकर धरत नाही. सराव पाण्यावरच हवा. वाहते नसेल तर तलावही चालतो. तिथे प्रवाह दोर सरळ करत नाही, म्हणून प्रत्येक फेकीआधी एक साधी रोल कास्ट (दोर मागे हवेत न नेता पुढे उलगडणारी फेक) करून दोर सरळ करून घ्या.

प्रश्न : वारा आडवा आला की फ्लाय कानाजवळून जाते. लीडर आखूड करू का?

उत्तर : नाही. त्याने अँकर सुटेल आणि धोका वाढेल. बाजू बदला. वारा प्रवाहाच्या दिशेने, वरून खाली वाहत असेल तर अँकर तुमच्या खालच्या बाजूला पडला पाहिजे : डबल स्पे किंवा स्नेक रोल. वारा उलटा, खालून वर असेल तर अँकर वरच्या बाजूला : सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी. तत्त्व इतकेच की वाऱ्याने डी-लूप तुमच्यापासून दूर ढकलला पाहिजे, अंगावर नाही. या चार फेकांपैकी डबल स्पे आणि स्नॅप-टी आधी शिका.

प्रश्न : बंगळुरूहून. उत्तराखंडमध्ये सोनेरी महाशीरसाठी ११ फुटी, सात नंबरची स्विच काठी (एका किंवा दोन्ही हातांनी चालणारी) न्यायचा विचार आहे. दोर, लीडर काय असावा? गेल्या उन्हाळ्यात माझा दोर चिकट झाला होता.

उत्तर : आधी परवाना पाहा. वन खाते किंवा राज्याचे मत्स्य खाते ज्या पट्ट्यात, ज्या काळात परवानगी देते तेवढेच. सोनेरी महाशीर आंतरराष्ट्रीय यादीत धोक्यात आलेली जात आहे. बिनकाटी हुक आणि पाण्यातच सोडणे यात तडजोड नको. आपल्याकडे महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून महाशीर मासे पिढ्यानपिढ्या राखले जातात, आणि लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा पॉवर अनेक दशके महाशीरची पिल्ले वाढवत आली आहे. हा मासा किती जपावा लागतो हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

११ फुटी काठीला २० फुटी स्कॅजिट, ४५० ग्रेन (जुन्या हिशेबाने अडीच तोळे), १० फुटी टी-८ टिप आणि ४ फूट लीडर. एकूण ३४, तिपटीच्या जरा वर. लीडर इथे फ्लोरोकार्बनचाच घ्या, २० पौंडी. महाशीर हुक लागताच खडकांत धावतो आणि घासून तुटण्याला फ्लोरोकार्बन नायलॉनपेक्षा जास्त टिकतो. अँकर स्कॅजिटचा असल्याने तो बुडतो याची इथे अडचण नाही.

दोर चिकट झाला याचे कारण तो थंड पाण्यासाठी बनवलेला असणार. त्याचे वेष्टण गारठ्यात लवचिक राहावे म्हणून मऊ ठेवतात. ४० अंशांच्या उन्हात ते आणखी मऊ होते आणि कड्यांना धरते. पाण्याचे आणि हवेचे तापमान पाहून, पेटीवर उष्ण हवामानासाठी लिहिलेला दोर घ्या. उलट तो दोर स्कॉटलंडच्या फेब्रुवारीत नेलात तर तारेसारखा कडक होईल.

दुसरे कारण डास पळवणारे मलम किंवा सनस्क्रीन असू शकते. डीट असलेले मलम वेष्टण विरघळवते. मलम हाताच्या पाठीने लावा आणि तळवे पाण्यात चोळून धुवा. दोर गाडीच्या काचेमागे ठेवू नका. आठवड्याच्या वापरानंतर कोमट पाण्यात दोन-तीन थेंब सौम्य साबण घालून तो दहा मिनिटे भिजवा, मऊ कपड्यातून ओढा, साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. मळलेल्या दोराचे टोक बुडते, आणि टोक बुडाले की अँकर चिकटतो. तेव्हा लोक पुन्हा हातालाच दोष देतात.